आठवीचा ब्लॉग आणि सरपंचबाईंची सही

आठवीच्या वर्गाचा ब्लॉग मी हट्टानं सुरू केला होता. नागरिकशास्त्राचा तास आला की पोट्टे जांभया द्यायचे, आणि का देऊ नयेत? पुस्तकातलं गाव वेगळं, आपलं वेगळं. म्हणून ठरवलं, दर आठवड्याला प्रत्येकानं आजूबाजूच्या एखाद्या ताज्या घडामोडीवर चार ओळी लिहायच्या, मी त्या शाळेच्या संगणकावरून ब्लॉगवर टाकायच्या आणि बाकीच्यांनी खाली आपलं मत द्यायचं. मी अमरावतीच्या राजापेठेत वाढलेली, तोंडाची फटकळ. पातूरकडच्या या शाळेतले सहकारी म्हणाले, "मॅडम, कायले नसती उठाठेव?" मी म्हटलं, तुमी चहा प्या.

ऑगस्टमध्ये एका मुलीनं आपल्या गावच्या ग्रामसभेवर लिहिलं. वर्गात पहिली वगैरे यायची नाही, पण उत्तर येवो न येवो, हात सगळ्यात आधी वर. तिची आई गावची सरपंच, महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आलेली. पोरीनं मोठ्या अभिमानानं फोटो दिला होता. सरपंचाच्या खुर्चीत बाबा, मागच्या पाटीवर आईचं नाव, आणि दाराशी पदर सावरत उभी आई, हातात चहाचा ट्रे. खाली लिहिलं होतं, "आमची ग्रामसभा छान झाली. सरपंचपती हे गावातलं सर्वांत मोठं पद आहे. सभा बाबा चालवतात. सही आई करते. कुठं करायची ते मी बोटानं दाखवते."

अगं माय! हसावं की रडावं? बरं, पोरगी थापा मारत नव्हती. तिनं जन्मात दुसरं काही पाहिलंच नव्हतं. अख्खं गाव तिच्या बाबांना सरपंचसाहेब म्हणायचं, मग तिनं तरी काय समजायचं? मी ते जसंच्या तसं टाकलं आणि खाली प्रश्न विचारला, असं पद कायद्यात आहे का? पोरं तुटून पडली. कलमं काय शोधली, भांडली काय! एकानं लिहिलं, "माझी आई निवडून आली तर बाबा चहा देतील का?" त्या दिवशी मी हवेतच घरी गेले.

आठवडा उलटायच्या आत गावातल्या विरोधी गटानं ते पान मोबाइलवर फिरवलं. वर तक्रार गेली. सरपंचबाईंचं पद जाणार अशी बोंब उठली, आणि पोरीचे बाबा शाळेत आले.

"मॅडम, तुमी पोरीले शिकवून राहिल्या का माह्यं घर उठवून राहिल्या? कुऱ्हाडीचा दांडा गोताले काळ, तसं झालं हे. द्या तिची टीसी."

"भाऊ, लेकरू आहे ते. मी पान काढते. ब्लॉगच बंद करते. पण तिची शाळा नका तोडू."

"लय शिकली ते. आता बस."

मी पान काढलं, ब्लॉग बंद केला, मुख्याध्यापकांसमोर रडले. काही उपयोग झाला नाही. बाप रोज फोन करत होता. टीसी काढून घरी गेलेल्या पोरी पुढे कोणत्या शाळेत जातात ते मी इतकी वर्षं पाहते आहे. कोणत्याच नाही. थोडे दिवस आईच्या हाताखाली, मग स्थळं. पोरगी अजून वर्गात यायची, पण हात वर करायची नाही.

शेवटी मी बापाला खोटंच सांगितलं, "टीसीच्या अर्जावर आईचीही सही लागते." नियम गेला खड्ड्यात. त्या बाईला एकदा तरी नाही म्हणता यावं, एवढीच माझी आशा होती. अर्ज पिशवीत घालून मी स्वतः त्यांच्या घरी गेले. अकोल्याहून येणारी एसटी उशिरा आली, आणि फाट्यापासून चालताना मी काय काय बोलायचं ते घोकत होते.

बाप ओसरीवर फोनवर बोलत होता. सरपंचबाईंनी पाणी आणलं. मी त्यांचा हातच धरला. "ताई, यावर सही करू नका. तुमी गावच्या सरपंच आहात. तुमची सही नसली तर कोणी तिची शाळा सोडवू शकत नाही. पाया पडते तुमच्या."

"अवं मॅडम, पाया काहून पडता?" त्या घाबरून मागे सरल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले समजते सारं. पण मले याच घरात राहाचं हाय."

ओसरीवरून आवाज आला, "झालं का वं?" त्याचं बोलणं फोनवर चालूच होतं. त्यानं आत वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाईंनी पदराला हात पुसले. अर्ज समोर ओढला, पेन उघडलं आणि मान खाली घालून, नेहमीच्या सवयीनं विचारलं, "कुठं करू?"

दाराशी शाळेच्या ड्रेसमध्ये उभी असलेली पोरगी पुढे आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून तिनं कागदावर बरोबर जागी बोट ठेवलं.

"इथं, आई."