चौघांचा पास

गोजरबाई आमच्या शाळेत शिपाई होत्या. श्रीगोंद्यातल्या त्या मुलींच्या शाळेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मुलींच्या त्या मावशी, म्हणून आम्हा शिक्षकांच्याही मावशी. त्यांचा नवराही तिथंच शिपाई होता. तो काविळीनं गेला तेव्हा मावशी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि कल्याण, त्यांचा एकुलता एक मुलगा, कडेवर होता. नवऱ्याच्या जागी त्या लागल्या आणि पुढची बत्तीस वर्षं शाळेची घंटा त्यांनीच दिली.

डिसेंबरात आमची सहल मुंबईच्या वाटेवरच्या एका मोठ्या मनोरंजन पार्कात जायची. मावशी बरोबर असायच्याच. मुली आणि आम्ही पाळण्यांकडे धावायचो आणि मावशी दाराजवळच्या बदामाखाली दोन बसच्या बॅगा, डबे, स्वेटर आणि चपला यांच्या ढिगाशेजारी बसायच्या. परतीच्या बसमध्ये मुली त्यांना घेरून सगळं सांगायच्या. कुठल्या पाळण्यात कोण रडलं, कुणाची ओढणी उडाली, भुताच्या गुहेत कोणत्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मावशी ते इतकं मन लावून ऐकायच्या की सांगणारीला आणखी चेव यायचा.

एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्ही एकदा तरी आत गेलात का हो?"

"पोरी सांगत्यात की समदं," त्या म्हणाल्या. "मला तोंडपाठ हाय आता."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी त्या निवृत्त होणार होत्या. भेट काय द्यायची यावर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. कुणी साडी म्हणालं, कुणी चांदीचा करंडा. मी म्हणाले, त्यांना त्या पार्काचा पास देऊ. घरच्यांबरोबर दोन दिवस जातील, मधली एक रात्र तिथल्याच हॉटेलात राहतील. सगळ्यांना ते आवडलं, आणि खरं सांगायचं तर माझं मलाही फार कौतुक वाटलं.

पास चौघांचा होता. तीन मोठे आणि एक लहान. मावशी, कल्याण, सून सुकन्या आणि सहा वर्षांची नात सृष्टी. ती तिघं तेव्हा चाकणला राहत होती. कल्याण तिथल्या एका कारखान्यात होता. निरोपाच्या कार्यक्रमात मी पाकीट उघडून चारही नावं वाचून दाखवली. टाळ्या थांबल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, परत एकदा वाचा." मी परत वाचली.

तारीख एप्रिलमधली घेतली होती. मार्चमध्ये पार्क बंद झालं, शाळा बंद झाली, गाव बंद झालं.

बुकिंग माझ्या फोनवरून केलेलं असल्यामुळे पार्काचे निरोप मलाच यायचे. पहिला निरोप आला की पासची मुदत वाढवली आहे, नवी तारीख निवडा. मी मावशींना फोन केला. आम्ही दिवाळीची सुट्टी धरली. कल्याणला त्यांनी लगेच कळवलं. त्या उन्हाळ्यात मी त्यांना दोन-तीनदा फोन केला असेल. शाळेमागच्या आळीतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या होत्या. एकदा दुपारी बोलता बोलता त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा, पाचवा तास झाला." मला आधी कळलंच नाही. घरात बसूनही त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तास मोजत होत्या. हात शिवशिवतो म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत पार्क उघडलं नाही. मग आम्ही पुढच्या मे महिन्यातली तारीख घेतली. तो मे कसा गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या शाळेतले दोन सहकारी त्या एप्रिल-मेमध्ये गेले, त्यातले एक कुलकर्णी सर. मावशींना मी ते फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुलकर्णी सरांची खुर्ची डुगडुगती. तिच्या पायाखाली पुठ्ठा घालून ठेवायची मी."

पार्क पुन्हा सुरू झालं तेव्हा मधल्या काळात दुसरंच घडलं होतं. कल्याणच्या कारखान्यानं त्याचा विभाग तमिळनाडूत होसूरला हलवला होता. चाकणहून तो महिना-दोन महिन्यांनी मोटरसायकलवर येऊन जायचा. होसूर म्हणजे रेल्वेचा दिवसभराचा प्रवास, वर गाड्या बदलायच्या. जानेवारी २०२२ ची तारीख त्यानं स्वतः सांगितली, आणि आठ दिवस आधी स्वतःच रद्द केली, कारण साथ पुन्हा वाढली होती आणि रजा मिळत नव्हती.

त्यानंतरचा निरोप शेवटचा होता. डिसेंबरअखेरपर्यंत आला नाहीत तर पास संपला.

मी मावशींना माझ्या घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोरच पार्काच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या मुलीनं तारीख नोंदवली, नावं वाचली, आणि विचारलं, "मुलीची उंची किती आहे? चार फुटांच्या वर असेल तर लहान मुलांचा पास चालणार नाही."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी बसल्या बसल्या तळहात हवेत धरला, कमरेच्या थोडा वर. मग वर नेला, खांद्यापाशी. मग पुन्हा थोडा खाली आणला. दीड वर्ष झालं होतं त्यांनी नातीला पाहून.

"फोनात नुसतं तोंडच दिसतं वो," त्या म्हणाल्या.

कल्याणला फोन करून विचारलं. त्यानं भिंतीला उभं करून मोजलं. चार फूट दोन इंच. पास मोठ्यांचा करून घेतला. मावशी घरी जाताना दारात थांबल्या आणि माझ्या चौकटीवर बोटानं मापून बघू लागल्या, चार फूट दोन इंच म्हणजे कुठवर येतं ते.

तारीख होती डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली, शुक्रवार-शनिवार. मंगळवारी संध्याकाळी कल्याणचा फोन आला. मावशींनी तो मला नंतर जसाच्या तसा सांगितला.

"आई, जमणार नाही गं. इथं ऑडिट लागलंय. माझा नाइलाज आहे."

"व्हय," मावशी म्हणाल्या.

"तू रागावलीस का?"

"न्हाई. जेवलास का?"

बुधवारी त्या शाळेत आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, मी एकलीच जाते."

मी म्हणाले, "मी येऊ का तुमच्याबरोबर?" पण म्हणताना मनात घरची शनिवारची कामं आली, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी आली, आणि माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. "नगं, नगं," त्या म्हणाल्या. "वाट माझ्या पायाखालची हाय." मी आग्रह केला नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं त्या पुण्याला गेल्या, तिथून दुसरी बस पकडून पार्काच्या फाट्यावर उतरल्या. खिडकीतल्या मुलानं कागद पाहिला आणि विचारलं, "बाकीचे तिघं?"

"मागनं येत्यात," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मनगटाला बांधायचे चार हिरवे पट्टे दिले. एक त्यांनी बांधून घेतला. तीन कमरेच्या पिशवीत ठेवले.

आत गेल्यावर त्यांना कळेना, जायचं कुठं. सगळं ऐकून माहीत होतं, पण जागा कुठली कुठं आहे हे पोरींच्या सांगण्यात कधी आलं नव्हतं. त्या हिंडत राहिल्या. भुताच्या गुहेबाहेर रांग होती. रांगेत सगळे चौघं-पाचजणांच्या घोळक्यानं उभे होते. मावशींच्या मागच्या बाईनं विचारलं, "आजी, तुमची माणसं पुढं आहेत का? जा की पुढं." त्या रांगेतून बाहेर पडल्या. तासाभरानं आपसूक त्या बदामाच्या झाडाखाली येऊन बसल्या.

तिथं एका शाळेची सहल आली होती. बारामतीकडची असावी, त्या म्हणाल्या. निळ्या गणवेशातल्या साठ-सत्तर मुली. त्यांच्या बाई घाईत होत्या. त्यांनी मावशींकडे पाहिलं, त्यांचं इरकली लुगडं पाहिलं, आणि विचारलं, "मावशी, जरा एवढ्या बॅगांकडं बघाल का? आमच्या ताई आजारी पडल्या ऐनवेळी."

"बघते की," मावशी म्हणाल्या.

नंतर त्यांच्याकडून हे ऐकताना मी भडकलेच. "अहो, तुम्ही पाहुण्या होतात तिथं! पास होता तुमच्याकडे!"

"तेवढा टाइम बरा गेला बगा," त्या म्हणाल्या.

पिशव्यांना त्यांनी सवयीनं ओळीत लावलं. पाण्याच्या बाटल्या सावलीत सरकवल्या. मुली मध्येच पळत यायच्या, रुमाल न्यायच्या, चप्पल टाकून जायच्या. एका मुलीला उलटी झाली म्हणून ती परत आली. तिला त्यांनी तोंड धुवायला लावलं, पदरानं वारा घातला. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही कुठल्या शाळेच्या?"

"श्रीगोंद्याच्या," मावशी म्हणाल्या.

चार वाजता त्या बाई परत आल्या, आभार मानले, बॅगा उचलल्या गेल्या आणि झाडाखाली पुन्हा काही उरलं नाही. तेव्हा त्या उठल्या आणि आकाशपाळण्याकडे गेल्या. तिथं गर्दी कमी झाली होती. पाळणा सांभाळणाऱ्या माणसानं दार उघडलं, समोरासमोरच्या दोन बाकांच्या डब्यात त्यांना एकट्यांना बसवलं आणि कडी लावली. वर गेल्यावर एकदम आवाज थांबला, त्या म्हणाल्या. खाली सगळी माणसं दिसत होती पण ऐकू काही येत नव्हतं. भीती वाटली नाही. फक्त समोरचा बाक सारखा डोळ्यांपुढं यायचा. दोन फेरे झाल्यावर त्या माणसानं डबा खाली थांबवला तर म्हणाल्या, "आनखी एक हाय का?" त्यानं पुन्हा कडी लावली.

हॉटेलच्या खोलीत दोन मोठ्या खाटा होत्या. उशाशी चार टॉवेल बदकाच्या आकारात घडी घालून ठेवले होते. मावशींनी एकाची मान सोडवली, तोंड पुसलं, आणि बाकीच्यांना हात लावला नाही. जेवायला खाली गेल्या तर चौघांच्या टेबलावर चार ताटं उपडी मांडलेली. वाढप्यानं विचारलं, "तिघं येतायत ना?" या वेळी त्यांनी खरं सांगितलं. "न्हाई येनार." त्यानं एकेक करून तीन ताटं उचलली. त्या ताटांचा आवाज लई झाला म्हणाल्या, सगळे वळून बघायला लागले असं वाटलं. कुणी बघत नव्हतं बहुतेक.

दुसरा दिवस त्यांनी घेतलाच नाही. सकाळी आवरून त्या फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि दुपारी घरी होत्या.

सोमवारी मुख्याध्यापिका धनश्री मॅडमनी त्यांना शाळेत चहाला बोलावलं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं; बाकी सगळे उत्सुक होते. "कसं झालं, मावशी? नात काय म्हणाली?"

"मी एकलीच गेल्ते," मावशी म्हणाल्या. लगेच पुढं म्हणाल्या, "पन पाळना खरंच लई उंच हाय. पोरी थोडं कमीच सांगत्यात."

पुढच्या मे महिन्यात कल्याण कुटुंबाला घेऊन पाच दिवस गावी आला. सृष्टी मावशींच्या खांद्याला लागली होती. तिची मराठी थोडी अडखळायची. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "आजी, पप्पा म्हणाले तू जायंट व्हीलमध्ये बसलीस. खरंच?" मावशी तिला सांगू लागल्या. पट्टा, रांग, झाड, पाळणा. पाळण्यापर्यंत येईतो सृष्टीच्या फोनवर काहीतरी वाजलं आणि ती त्यात गुंतली. कल्याण बाहेर मित्रांबरोबर गेला होता. मावशी बोलत होत्या त्या बोलतच राहिल्या, कारण थांबणं विचित्र दिसलं असतं.

सुकन्या स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. ती शेवटपर्यंत ऐकत होती. ताटांपर्यंत. मग म्हणाली, "अहो आई, मला सांगायचं ना. मी आले असते."

मावशींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"ऑडिट यांचं होतं," सुकन्या म्हणाली. "मला कुठं ऑडिट होतं? मी तिथं दिवसभर घरातच असते. शेजारीण तमिळ बोलते, मी मराठी. आम्ही दोघी नुसत्या हसतो. सृष्टीला घेऊन मी बसले असते गाडीत. हे म्हणाले, मी आईला नाही म्हणून सांगितलंय. मला वाटलं तुम्हीच सगळं रद्द केलं असेल."

"मी कल्यानलाच इचारलं," मावशी म्हणाल्या. "दर येळी त्यालाच इचारलं."

हे मला सांगताना मावशी पहिल्यांदा रडल्या. पार्कातून आल्यावर रडल्या नव्हत्या. तीन वर्षं आम्ही दोघींनी मिळून चार नावांच्या तारखा पुढं ढकलल्या होत्या. त्यातल्या एका नावाशी आमच्यापैकी कुणी एकदाही बोललं नव्हतं. मीही नाही.

सुकन्याचा नंबर मावशींकडे नव्हताच. जायच्या दिवशी बसस्टँडवर त्यांनी तो तिच्याकडूनच फोनात भरून घेतला. आठवडाभरानं, दुपारी, त्यांनी तो लावला. सुकन्या गच्चीवर होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"काय करतीस?"

"काही नाही, कपडे वाळत घालतेय."

"घाल मग," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही काय करताय?"

"बसलेय."

तेवढ्यावर बोलणं संपलं. पण फोन कुणी ठेवला नाही. मावशी म्हणाल्या, "तिकडं ती चिमटे लावत हुती ते मला ऐकू येत हुतं."