रोझाला गाडीतून नेलं म्हणून शुभाताईवर दावा

गेल्या शनिवारी इथे कॅनडात, किचनरला आमच्याकडे सात-आठ जण जेवायला होते. निमित्त शुभाताईचं. ही माझी मावसबहीण, मूळची नागपूरची. वीस वर्षांपासून अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका राज्यात राहते. शाळेत लायब्ररियन आहे आणि आवाज इतका हळू, की फोनवर दोनदा "काय?" म्हणावं लागतं...

अशी ही ताई गेलं वर्षभर कोर्टात लढत होती.

तिच्या शाळेच्या ऑफिसमध्ये रोझा नावाची मुलगी काम करते. तिला पाचवा महिना लागला होता. सोनोग्राफीत कळलं की बाळाच्या डोक्याची वाढच झालेली नाही, ते जगणार नाही. पण त्या राज्यात गर्भपाताला बंदी. डॉक्टर हळहळले, पण त्यांचे हात बांधलेले...

रोझाचा नवरा समुद्रात तेलाच्या रिगवर कामाला. घरी दुसरं कुणी नाही. ताईने शुक्रवारी सुट्टी टाकली, रोझाला गाडीत बसवलं आणि सात तास ड्राइव्ह करून शेजारच्या राज्यातल्या क्लिनिकमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच अंतर परत.

दीड महिन्याने ताईच्या दारात कोर्टाचं समन्स! ना पोलिसांनी केस केली होती, ना सरकारने. दावा लावला होता एका खाजगी माणसाने. त्यांच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, नियमच तसा आहे. गर्भपातासाठी कुणी एखादीला तिथल्या रस्त्यावरून बाहेर नेलं, तर कुणीही उठून त्याच्यावर दावा लावायचा. जिंकलं तर वर पैसेही मिळतात.

सरकार स्वतः काहीच करत नाही, म्हणून अशा नियमाला कोर्टात आव्हान देणं फार अवघड. आव्हान द्यायचं तरी कुणाला? आधी कुणीतरी या जाळ्यात अडकायला हवं, मग त्याने लढायला हवं. अडकली आमची ताई. तो गृहस्थ दुसऱ्याच गावचा. ना ताईला ओळखत होता, ना रोझाला. शाळेतल्याच कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार...

त्याने निरोप पाठवला. 'चूक झाली, पुन्हा अशी मदत करणार नाही' एवढं लिहून द्या, दावा मागे घेतो.

मी इथून फोनवर काय म्हणाले माहितीये? "ताई, सही कर आणि मोकळी हो." हे लिहिताना आजही लाज वाटते.

ताई म्हणाली, "अगं, मी सही केली की तो उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात जाईल. आणि चूक झालीच नाही, तर झाली असं लिहू कसं?"

मग सुरू झालं. स्टाफरूममध्ये तिच्या टेबलाशी कुणी बसेना. समोरच्या वकिलाने तिला तीन तास प्रश्न विचारले, त्यातले निम्मे रोझाबद्दल. ताईचं एकच उत्तर... "गाडी मी चालवली. माझ्याबद्दल विचारा."

शेवटच्या सुनावणीला मी टोरंटोहून विमानाने गेले. जजबाईंनी त्या माणसाला सरळ विचारलं, "यांनी गाडी चालवली, त्यात तुमचं नेमकं काय नुकसान झालं?" तो उभा राहिला. कागद चाळले. मग म्हणाला, "मला फार वाईट वाटलं."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. ज्याचं काही नुकसान झालेलं नाही त्याला दावा लावायचा हक्क नाही. दावा फेटाळला! नियम अजून कागदावर आहे, तो रद्द झालेला नाही. पण उद्या दुसऱ्या कुणावर असा दावा आला, तर तिच्या वकिलाच्या हातात ताईचा निकाल असेल.

तर शनिवारी. जेवायला आलेल्यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. खरं कारण सांगते... ग्रेसआंटी येणार होत्या. वसईच्या, सत्तरी ओलांडलेल्या, बर्फ पडो की वादळ येवो, रविवारचा चर्चमधला मिस्सा न चुकवणाऱ्या. पण माझा नवरा वाढता वाढता बोलून गेला, "ताई, केस जिंकल्याबद्दल अजून एक पुरणपोळी!"

झालं. सगळे विचारायला लागले. ताईने तिच्या त्या हळू आवाजात पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी ग्रेसआंटींकडे बघायचंच टाळत होते.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला गर्भपात पटत नाही," त्या म्हणाल्या. "कधी पटणारही नाही. त्या बाळासाठी मी उद्या चर्चमध्ये मेणबत्ती लावीन, त्याच्या आईसाठी पण लावीन. पण मला एक सांग पोरी... ती मुलगी सात तास गाडीत रडत होती, तेव्हा हा दावा लावणारा कुठे होता?"

ताई वर्षभरात कोर्टात रडली नव्हती, फोनवर रडली नव्हती. तिथे, आमच्या डायनिंग टेबलवर, तिला रडू फुटलं. आंटींनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

माझी सोळा वर्षांची इरा सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "मावशी, वुड यू डू इट अगेन?"

ताईने डोळे पुसले. "हो. पण एक उशी बरोबर नेईन. येताना रोझाला मागच्या सीटवर नीट आडवं होता आलं नाही गं... ते अजून मनाला लागून राहिलंय."

वर्षभर एवढं सोसून हिच्या मनाला लागून काय राहिलंय, तर ते! ताटं उचलायच्या निमित्ताने मी उठले आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिले. ही बाई माझी बहीण आहे, यात माझं कर्तृत्व काहीच नाही... नुसतं नशीब.