फ्रिजमध्ये ठेवलेल्या चौदा नळ्या

सिद्धू आमच्या बारामतीच्या कॉलेजात रोजंदारीवर होता. मी प्रयोगशाळेतला कायम नोकर, म्हणजे त्याचा वरिष्ठ, आणि हे मी त्याला उठताबसता ऐकवायचो. मोरगावच्या मेंढपाळाचा हा पोरगा. समुद्र त्यानं कधी बघितला नव्हता, पण समुद्री जिवाणूंचं काम त्याच्याच हातात होतं.

साल १९९४. मनिषा मॅडमनी सणसरच्या खारपड रानातली पांढरी माती आणली होती. तीत वाकडे, वळवळणारे जिवाणू निघाले. मिठाशिवाय ते वाढेनात. मॅडमना वाटायचं, हे समुद्रातल्या विब्रिओ नावाच्या जिवाणूंच्या कुलातले असावेत. ते ठरवायला गोव्याच्या प्रयोगशाळेनं जिवंत नमुना मागितला होता. मॅडमची पीएच.डी. त्यावरच अडली होती. नवी माती आणायची सोय नव्हती. मालकानं साखर कारखान्याची मळी टाकून रान सुधारून घेतलं होतं.

होते नव्हते ते सगळे जिवाणू चौदा नळ्यांत होते; दर पंधरवड्याला तारेच्या टोकानं ते नव्या नळ्यांत हलवावे लागत. सिद्धू ते नेमानं करायचा. कधी नळी उजेडाला धरून म्हणायचा, "ही त्या कळपातली न्हाय." मॅडमच्या कसोट्यांतून नंतर तेच निघायचं, आणि मी जळायचो.

जूनमध्ये त्याचा बाप गेला. निरोप आला तसा तो निघाला, पण दारात थांबला. "तात्या, मंगळवारी नळ्या बदला. फ्रिजमदी तेवढ्या ठिवू नका, गारठ्यानं मरत्यात." चेहरा कोरा. बाप मेलाय आणि हा मला कामं सांगतोय, म्हणून मी चिडलो.

मंगळवारी मला कंटाळा आला. दूध टिकतं तर हे का टिकायचे नाहीत, म्हणून मी चौदाही नळ्या फ्रिजमध्ये सारल्या. शहाणपण उतू चाललं होतं माझं, दुसरं काय.

तेरावं उरकून सिद्धू आला. डोक्याचं मुंडण केलेलं. नळ्या फ्रिजमधून त्यानंच काढल्या आणि माझ्याकडं एकदा बघितलं. नव्या नळ्या भरून दोन दिवस वाट बघितली. काही उगवलं नाही.

"फ्रिजमध्ये कुणी ठेवल्या?" मॅडमनी विचारलं. मी बाटल्या पुसायला लागलो.

"मीच, मॅडम," सिद्धू म्हणाला. "बाप गेल्याचं कळलं, तवा घाईत ठिवल्या."

मॅडम ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "विब्रिओंना थंडी सोसत नाही. हे थंडीनं मेले, म्हणजे बहुतेक त्याच कुलातले होते. पण मेलेल्यांचं कुल आता कोण ठरवून देणार?" वहीतल्या कुलाच्या रिकाम्या रकान्यात त्यांनी रेघ मारली, आणि सिद्धूला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी त्याला फाटकाशी गाठलं. "का रे असं केलंस?"

"तुमाला आधीच दोन मेमो मिळाल्यात. नोकरी गेली तर रेश्माचं ठरल्यालं लगीन मोडंल."

रेश्मा माझी पोरगी. मी विचारलं, "आणि तुझं काय?"

"बापाला माती दिली, तवा रडू आलं न्हाय. मागनं त्याची मेंढरं इकली, तवाबी न्हाय. हितंबी काय वाटंना. ज्याला काय वाटत न्हाय, त्यानंच जावं, तात्या."

तो स्टँडकडं चालायला लागला. मॅडम अजून वरच होत्या; चार पायऱ्या चढून खरं सांगता आलं असतं. मी सायकल काढली आणि घरी गेलो. लाज वाटली, आजही वाटते. रेश्माचं लग्न ठरल्या तिथीला झालं. सिद्धूला पत्रिका द्यायची माझी छाती झाली नाही.