कुसुमच्या दारातली जीप

कापूस वेचणीच्या दिवसांत कुसुम घरीच होती. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मला पाहून ती उठली, पण आत या म्हणाली नाही.

"गाडी कुठी लावली, ताई?"

"पारापाशी."

"म्हंजे पाह्यलीच लोकायनं."

एचआयव्हीच्या औषधांवर आमचा एक अभ्यास घाटंजी तालुक्यात चालू होता. माझं काम गाव आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभं राहायचं. अभ्यासातल्या माणसानं ठरलेल्या वेळी येऊन रक्त द्यायचं, याला फॉलो-अप म्हणतात. कुसुम आली नव्हती. यवतमाळच्या ऑफिसातून अभ्यासाच्या प्रमुखांचा, सरांचा निरोप आला, घरी जाऊन बघा. मी आधीही जीपनं गेले होते, सरांच्याच सांगण्यावरून.

कापसाच्या पडत्या भावाची ती वर्षं. गावात पत्रकार, सर्व्हेवाले, पुढारी यांच्या गाड्या सारख्या यायच्या. सगळीकडे फिरायच्या, विचारून निघून जायच्या. आमची मात्र एकाच दारी परत परत यायची. कुसुमचा नवरा दोन वर्षांमागे आजारानं गेला होता. लोकांनी त्याची आणि आमच्या जीपची सांगड घातली.

"मले वेचणीले कोणी बोलावत नाही आता," ती म्हणाली. "गेली तर बाया पाणी वरूनच वततात. औषध मी घेऊन राह्यली. पण मले तुमच्या त्या अभ्यासातून काढा."

"अभ्यास सोडला तरी औषध बंद होणार नाही. सरकारी दवाखान्यातून मिळेल."

"मंग काढा."

सासू ओट्यावर बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच आल्या असान, बाई. पण नोका येऊ."

ऑफिसात सर म्हणाले, "तिला समजावून सांगा. असे लोक गळत गेले तर अभ्यास कोसळेल."

"सर, केव्हाही सोडता येतं असं आपणच तिला सांगितलंय. आता समजावायचं म्हणजे दबाव आणायचा."

"मग करायचं काय?"

तेव्हाच मी आमच्या सल्लागार समितीची बैठक मागितली. गावोगावची माणसं त्यात होती. एरवी चहा व्हायचा, सह्या व्हायच्या. या वेळी मी नाव न घेता सगळं सांगितलं. मग बुद्धविहाराचं काम पाहणारे रिटायर्ड गुरुजी म्हणाले, "गाडी गावात कायले पाठवता? घाटंजीच्या बाजाराले तर सारेच येतात."

त्यावरही वाद झाला. बाजाराचा दिवस रक्त घेणाऱ्यांच्या सुट्टीचा, म्हणून लॅब कुरकुरली. संशोधनाच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीची परवानगी यायला वेळ लागला. शेवटी घाटंजीत एक खोली मिळाली. तिथे बीपी, शुगर सगळ्यांचीच तपासत. कोण कशासाठी आलंय ते बाहेर कळत नसे. जीप बंद झाली. गळालेल्यांपैकी काही जण परत आले. सरांनी रिपोर्टात ते छान लिहिलं.

कुसुम आली नाही. ती एसटीनं यवतमाळला जाऊन औषध आणते, एवढं मला कळलं होतं. तिची वेचणी मात्र कोणी परत आणून दिली नाही. तसं आमच्या बजेटमध्ये काही नव्हतं.

पुढे एकदा ती यवतमाळच्या स्टँडवर दिसली. तब्येत सुधारली होती. मी हसणार तेवढ्यात तिच्या शेजारी गावातल्या बाया दिसल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मीही पाटीवर नेरला जाणारी एसटी शोधायला लागले.

आमच्या ट्रेनिंगमध्ये ओळख कशी वाढवायची ते पुष्कळ शिकवतात. ती कशी दाखवायची नाही, ते मी स्टँडवर शिकले.