तीन टँकरवाले आणि दोन उमेदवार

मंडळी, सोसायटीच्या फळ्यावर मी सहसा लिहीत नाही, पण आज सकाळचं सांगायलाच हवं.

उद्या सावंतांच्या मुलीची हळद आणि आपली टाकी कोरडी. नेहमीच्या टँकरवाल्याला फोन केला, तर भाव दीडपट. म्हटलं, अजून दोघे आहेत. केबिन रोडच्या पीसीओवरून दुसऱ्याला फोन लावला. भाव तोच. तिसऱ्याकडे बोलणारा माणूस वेगळा, पण मागे पोपट ओरडत होता. हाच पोपट मी आधीच्या दोन्ही फोनवर ऐकला होता.

विचारलं, "सेठ, नंबर तीन और दुकान एकच?"

तो हसला. "अंकल, पानी चाहिए या पंचायत करनी है?"

पाणी हवं होतं. मागवलं.

टँकर आला, तर एका बाजूला एका उमेदवाराचं पोस्टर, दुसऱ्या बाजूला त्याच्या विरोधकाचं. दोघांनीही परवा आपल्या गेटवर घरोघरी नळाचं पाणी कबूल केलंय.

ड्रायव्हरला विचारलं, "कौन जीतेगा?"

"कोई भी जीते, गाडी तो सेठ की ही चलेगी."

हळद नीट पार पडेल. मतदान रविवारी आहे. कोणाला मत द्यायचं हे ज्याचं ठरलं असेल, त्याने मला जिन्यात गाठून कारणासकट सांगावं. माझं अजून ठरत नाहीये.