काळभाताचं बियाणं

आमचं गाव इगतपुरी तालुक्यात, डोंगराच्या उतरणीवर. तीन वाड्या मिळून एक ग्रामपंचायत. गावाखाली धरण आहे. धरणात सपाटीची जमीन गेली आणि आमच्याकडे उरली ती उतारावरची खाचरं, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली भाताची लहान लहान शेतं. पावसाळ्यात घरातल्या भिंतींना ओल येते, अंथरुणाला बुरशीचा वास लागतो, आणि एप्रिलमध्ये त्याच घरातली माणसं हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. धरणाचं पाणी समोर दिसत असतं. ते वर आणायची योजना मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे.

भाताशिवाय इथे फारसं काही होत नाही. पूर्वी आवणीला, म्हणजे रोपं लावायला, सगळी वाडी एकमेकांच्या खाचरात उतरायची. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. आता तरुण मुलं नाशिकला अंबडच्या कारखान्यांत नाहीतर हायवेवरच्या कंपन्यांत जातात. बायकांना न्यायला द्राक्षबागांच्या पिकअप गाड्या सकाळीच येतात. डोंगरावर रिसॉर्ट झाली आहेत, तिथे काही जणी भांडी घासतात. गावात दिवसा म्हातारी माणसं आणि कोंबड्या असतात.

मीही गेलेलीच. लग्न होऊन अंबडला आले, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, नवरा एका कारखान्यात फिटर आणि मी दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. मला भाऊ नाही. तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा आईला म्हटलं, चल आमच्याकडे. ती म्हणाली, "खाचरं कोण बघंल?" एवढं बोलून ती भांडी विसळायला गेली.

आमची सहा खाचरं. पाचांत आई इंद्रायणी लावते, गावात सगळे लावतात तेच. सगळ्यात वरच्या खाचरात मात्र काळभात. काळ्या टरफलाचा जुना भात. शिजला की वास शेजारच्या घरात जातो. उत्पन्न कमी, उशिरा पिकतो, वाऱ्याने आडवा पडतो, म्हणून बाकीच्यांनी एकेक करून सोडला. आईने सोडला नाही. तिच्या सासूने तिला जे बियाणं हातात दिलं होतं, तेच ती दरवर्षी पेरून, त्यातलंच पुन्हा राखून ठेवत आली. आमच्या वाडीत ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर मंगळवारी आईचा फोन आला.

"काळभात पिकलाय. दाणा गळाया लागलाय. येशील का उद्या?"

मी सुपरवायझरला विचारलं. ऑर्डर अर्जंट आहे, रविवारी जा, म्हणाले. मी आईला सांगितलं, "रविवारपर्यंत थांब. आम्ही दोघंही येतो."

"मी एकटी घेते थोडं थोडं कापून."

"नको. कंबर धरेल तुझी. मोबाईलवर पाऊस दाखवत नाही, थांब."

ती थांबली.

रविवारी आम्ही गेलो. आई, मी, नवरा आणि शेजारचे काका, असे चौघं. काका सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, तरी विळा घेऊन आले. दुपारपर्यंत खाचर कापून झालं. कापलेला भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून ठेवतात, उन्हाने वाळला की भारे बांधून झोडायचा. ऊन चांगलं होतं. संध्याकाळच्या बसने आम्ही परतलो.

मंगळवारी मी पहिल्या पाळीला होते. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पत्र्यावर आवाज सुरू झाला तेव्हा आधी मला वाटलं कुणीतरी मशीन चालू केलं. मग शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, पाऊस." मी तशीच हातातले खोके बंद करत राहिले. सुट्टी झाल्यावर फोन बघितला तर आईचे सात मिस्ड कॉल. परत लावला तर लागेना.

घरी न जाता तशीच निघाले. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चालत गेले तेव्हा दिवस मावळत होता. आई वरच्या खाचरात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. ओल्या पेंढ्या उचलून बांधावर ठेवत होती, आणि बांधावरून त्या घसरून पुन्हा पाण्यात पडत होत्या. काका दुसऱ्या टोकाला तेच करत होते. मला बघून ती थांबली नाही.

"घरात घेऊ," मी म्हटलं.

"घरात तर घेऊच. आधी पाण्यातून तर काढ."

आम्ही तिघांनी अंधार पडेपर्यंत भारे वाहिले. पडवी भरली, मग खोली भरली, मग आईने आपली खाट उभी केली आणि तिथेही भात पसरला. पाऊस चार दिवस होता. मी कामावर कळवलं की येत नाही. आम्ही दिवसभर पेंढ्या उलटत होतो. पंखा लावला, तर लाईट गेली. तिसऱ्या दिवशी पेंढीत हात घातला आणि आतून गरम लागलं. उघडून बघितलं तर दाण्यांना पांढरे बारीक कोंब आले होते. एखाद्या पेंढीला नाही, जी उघडू तिला.

काका म्हणाले, "वहिनी, चुलीवर परातीत शेका. खायापुरतं तरी हाती लागंल."

"शेकल्यावर उगवंल का?"

"बी कसं व्हईल? खायाचं व्हईल."

"मग नाय शेकायचं," आई म्हणाली.

मी तिला समजावलं. म्हटलं, निदान निम्मं शेकू. तिने ऐकून घेतलं आणि पेंढ्या उलटत राहिली. पाचव्या दिवशी ऊन पडलं तोवर घरात आंबूस वास भरला होता. आम्ही सगळं शाळेच्या ओट्यावर नेऊन पसरलं. बराचसा भात हाताला चिकट लागत होता. खायचाही राहिला नव्हता.

त्या आठवड्यात नुकसानीच्या पंचनाम्याला एक साहेब आले. सभ्य माणूस होता, बूट चिखलात भरले तरी वरपर्यंत चढून आला. आईला कुजलेली पेंढी हातात धरून उभं केलं आणि मोबाईलवर फोटो काढला.

"पीक कोणतं, आजी?"

"काळभात."

त्याने मोबाईलवर खालीवर बोट फिरवलं. "यात तसं वेगळं नाही. भात टाकतो."

"टाका," आई म्हणाली.

तो गेल्यावर आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. इतक्या दिवसांत तिने मला एका शब्दाने दोष दिला नव्हता. आतल्या आत मी त्याचीच वाट बघत होते. शेवटी न राहवून मीच म्हटलं, "मी थांब म्हटलं नसतं तर..."

ती समोर बघत होती. "बुधवारी कापला असता तर शनिवारी घरात असता. मी तुझं ऐकलं, तेच चुकलं." आवाज चढवला नव्हता. नंतर उठून गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि घराकडे चालू लागली. मी तिथेच बसून राहिले. रडूही आलं नाही. पुढे कित्येक दिवस कामावर खोके बंद करताना हात थांबायचा आणि पट्ट्यावर माल साचायचा.

जानेवारीत काकांना आठवलं की हरसूलच्या बाजूला आईची एक मावसबहीण काळभात करायची. मी रजा टाकली आणि आम्ही दोन बस बदलून गेलो. मावशीने प्रेमाने जेवायला वाढलं. आईने बियाण्याचं विचारलं तेव्हा ती हसली.

"अगं, किती वर्सं झाली त्याला. रेशनचा तांदूळ येतो, पोरं तोच खातात. शेवटचं व्हतं ते नातीच्या बारशाला शिजवलं."

परतीच्या बसमध्ये आईने खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. झोपलेली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

घरी आल्यावर ती शाळेच्या ओट्यावरून आणलेला तो खराब भात घेऊन बसली. सुपात थोडा थोडा घेऊन, कोंब न आलेला एकेक दाणा वेगळा करायची. मी रविवारी जायची तेव्हा मीही तेच करायची. माझ्या डोळ्यांना फरक कळायचा नाही, मी चुकीचे दाणे ठेवायची आणि ती ते काढून टाकायची. मार्चमध्ये तिने वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीमागे ठेवले. दोन उगवले. बाकीचे बोटाने दाबले की त्यांचं पीठ व्हायचं.

जूनमध्ये निवडलेलं सगळं तिने राबात, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यात, पेरलं. रोप इतकं विरळ आलं की त्यात गवत जास्त दिसत होतं. आवणीला आम्ही दोघींनी खाचराच्या एका कोपऱ्यात ते लावलं, तास-दीड तासाचं काम. उरलेल्या खाचरात आईने दुसरं काही लावलं नाही. नुसतं पाणी उभं राहिलं. काका वाटेवरून जाताना म्हणाले, "वहिनी, इंद्रायणी तरी टाकायची." ती म्हणाली, "मिसळंल."

लोंब्या बाहेर आल्या तेव्हा कळलं, त्यातही अर्धे ठोंब पांढऱ्या टरफलाचे निघाले. शाळेच्या ओट्यावर कुणाचा तरी भात त्यात मिसळला असणार. तिने ते उपटून बैलाला घातले.

यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी मी गेले तर कोपरा कापून झालेला होता.

"मला का नाही बोलावलंस?"

"तू कामावर व्हतीस. सकाळच्याला कापलं, ओटीत आणलं." तिने भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा.

जेवण झाल्यावर तिने फडताळातून दोन स्टीलचे डबे काढले. साखरेचे असतात तसे. दोन्हींत तळाला थोडा काळा भात होता, चार-पाच ओंजळी. एक माझ्यासमोर ठेवला.

"हा तू ने."

"मी अंबडला कुठे पेरू, आई?"

"पेरू नको. ठेव. एका घरात सगळं ठेवलं आन् परत काय झालं, तर? आन् मी काय कायमची हाय का."

मी डबा पिशवीत घातला. बसमध्ये तो मांडीवर धरून बसले. आता तो आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे, झाकणाला चिकटपट्टी लावलेली. नवरा म्हणतो, भाताचं बी दोन वर्षांवर टिकत नाही. आई परवा फोनवर म्हणाली, कंबर फार दुखते, पुढच्या आवणीचं बघू. खाचरात उतरायला त्या गावात आमच्या घरातलं दुसरं कुणी नाही, आणि मला आठवड्यातून एकच सुट्टी असते.