डाल्टनचे नाव

ऑर्विन कयासो होड्या बांधतो. एकाहत्तर वर्षांचा आहे आणि आमच्या पर्ल लगून गावच्या मोरावियन चर्चच्या वडीलमंडळीत अठ्ठावीस वर्षे आहे. ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात वर्षभरात गेलेल्यांची नावे तोच वाचतो. ज्यांची माणसे गेली ते रडून घेतात, तोवर सूर्य वर येतो आणि पितळी वाजंत्री प्रभू उठल्याचे गीत सुरू करते.

चर्चने ज्याला शिस्तीखाली ठेवले, तो मागच्या बाकावर बसतो. त्याला प्रभुभोजन मिळत नाही. त्याच अवस्थेत मेला तर पहाटे त्याचे नाव वाचत नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये डाल्टन पिऊन उपासनेला आला आणि पाळकांच्या अंगावर धावून गेला. त्याला शिस्तीखाली ठेवा, असे ऑर्विननेच सुचवले. ऑक्टोबरात, शिस्तीखाली असतानाच, डाल्टन कोळंबी धरायला गेला आणि बुडाला.

पवित्र आठवड्याच्या मंगळवारी डाल्टनची आई वर्ना ऑर्विनच्या पडवीत आली. दोघे एकाच गल्लीत वाढलेले.

‘‘वाचणार आहेस का त्याचं नाव?’’

‘‘नियम तुला माहीत आहे, वर्ना.’’

‘‘माहीत आहे. दर गुड फ्रायडेला येशूशेजारच्या क्रुसावरच्या त्या चोराची गोष्ट तूच वाचतोस, गळा काढून. त्याला स्वर्गात घ्यायला कोणत्या वडीलमंडळींनी हात वर केले होते?’’

‘‘चोराने क्षमा मागितली होती.’’

‘‘माझ्या पोराला तेवढा वेळ पाण्याने दिला नाही.’’

ऑर्विनने रंधा खाली ठेवला. ती गेली तरी त्याने तो पुन्हा उचलला नाही.

गुरुवारी वडीलमंडळीच्या सातजणांची बैठक झाली. ऑर्विन म्हणाला, ‘‘डाल्टन चुकला होता, हे मी आजही म्हणतो. पण सूचना माझी होती, ती मी मागे घेतो.’’

‘‘त्याला पश्चात्ताप झाला होता, हे कशावरून?’’ सिस्टर इल्व्हाने विचारले.

‘‘मला माहीत नाही.’’

‘‘मग?’’

‘‘तुम्हालाही माहीत नाही. झाला नव्हता असं धरून शिक्षा चालू ठेवायची, एवढं माझ्याच्याने होणार नाही. तसंच ठरलं तर यादी दुसऱ्या कुणी वाचा.’’

‘‘धमकी देतोस का, ब्रदर?’’

‘‘नाही. आवाज फुटणार नाही, म्हणून आधी सांगतोय.’’

चार विरुद्ध तीन मतांनी नाव यादीत आले. इल्व्हा विरोधातच राहिली.

रविवारी नऊ नावे होती. वर्ना सुरुवातीला फाटकाशी, सगळ्यांच्या मागे उभी होती. सहावे नाव डाल्टनचे; ते वाचून ऑर्विन थांबला. नेहमीपेक्षा जरा जास्तच, असे वाजंत्रीवाले नंतर म्हणाले. मग उजाडले आणि गीत सुरू झाले. वर्ना पट्टीच्या खालीच गात होती. तिला कुणी हटकले नाही.

परतताना ऑर्विनने तिला गाठले.

‘‘फाटकापर्यंत ऐकू आलं का?’’

‘‘मी केव्हाच पुढे आले होते,’’ वर्ना म्हणाली. ‘‘तू कागदातून मान वर काढशील तर दिसेन ना.’’